बावीच्या दोरावरची चिंधी

आमच्याकडची थंडी म्हणजे काही देशावरची थंडी नव्हे. पहाटे वहाळावर, आमच्या ओढ्यावर, धुकं बसायचं, गवतावरचं दव पावलांना झोंबायचं आणि नऊ वाजले की सगळा थाट संपायचा. पण त्या चार तासांच्या थंडीचं आम्हाला कोण कौतुक! तोंडातून वाफ काढून विडी ओढल्याचं सोंग करायचं, वाळक्या पानांचा पातेरा पेटवून त्यात रताळ्यासारखी कणगं भाजायची आणि जीभ पोळली की एकमेकांवर ढकलायचं. मी पाचवीत आणि दादा आठवीत होता त्या हिवाळ्यात मात्र आमची शेकोटी पेटली नाही. आम्ही दोघं आणि आई वहाळात बांध घालत होतो.

त्याचं मूळ आदल्या वर्षात होतं. आमच्या घरामागच्या विहिरीला, म्हणजे बावीला, संक्रांतीपर्यंतच पाणी असायचं. पुढे तळाला नुसता गाळ. मग शेजारच्या वाडीतल्या देवळाच्या विहिरीवरून पाणी आणायचं. जायला वीस मिनिटं, येताना चढ, आणि शाळेआधी दोन खेपा. मी वर्गात बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. दादा तर पहिल्या तासाला कधी पोचलाच नाही. बाबा मुंबईला एका कारखान्यात फिटर होते, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. त्या शिमग्याला गुरुजींनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं आणि हजेरीचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

गणपतीत बोलले. मुंबईच्या खोलीत त्यांच्याबरोबर राहणाऱ्या चुलतभावाला आता स्वतःची जागा मिळाली होती, खोली रिकामी होती. तेव्हा वार्षिक परीक्षा झाली की सगळ्यांनी मुंबईला यायचं, तिथं नळ दारात आहे आणि शाळा गल्लीच्या तोंडाशी, असं त्यांचं म्हणणं. आई लग्नानंतर वर्षभर त्या खोलीत राहून आली होती. घराला कुलूप लागलं की ते घर राहत नाही, गाय विकायची, शेत दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. गौरी गेल्या त्या दिवशी ओटीवर सुपारी कातरता कातरता ती म्हणाली, "ह्या शिमग्याला बावीत पानी असलां तर पोरां हितंच शिकतील. नसलां तर मी बोचकी बांधीन. एक शबूद बोलनार नाय."

बाबांनी मान हलवली. शब्द दिला गेला, एवढं मला कळलं. मुंबईला निघायच्या सकाळी त्यांनी आम्हा दोघांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, सुतळीनं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, दादाच्या उंचीला एक गाठ, माझ्या उंचीला एक गाठ, आणि सुतळी खिशात. दिवाळीला कपडे येणार म्हणून आम्ही हवेत. दिवाळीला गावच्या माणसाबरोबर मिठाईचा पुडा आला आणि कपड्यांच्या नावानं शंख. दादा दोन दिवस फुरंगटून बसला होता.

आईनं मात्र दिवाळीच्या दिवशी भलतंच काम काढलं. जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडली, पोहरा बावीत सोडला, तो पाण्याला टेकला तेव्हा दोर जिथं कठड्याशी आला होता तिथं ती चिंधी घट्ट बांधली. पाणी जसं खाली जाईल तसा दोर जास्त लागेल आणि चिंधी बावीत उतरत जाईल. आमचा हिशोब एवढाच. रोज सकाळी पोहरा टेकला की आम्ही कठड्यावर पोट टेकून वाकून बघायचो आणि आई मागून ओरडायची. आठ दिवसांत चिंधी वीतभर उतरली. महिन्यात दोन हात.

भात झोडून झालं, वहाळाचं पाणी बारीक झालं आणि आईनं बांधाला हात घातला. वहाळात बांध सगळेच घालत, पण ते गडीमाणसांचं काम. दगड, त्यावर पातेरा, त्यावर चिखल, पुन्हा दगड, असं पुरुषभर उंचीचं रचायला चार जण लागतात. आमच्याकडे आई आणि दोन शाळकरी पोरं. तिनं जागा निवडली ती बावीच्या वरच्या अंगाला, पन्नास पावलांवर, वहाळ कातळाला घासून वळतो तिथं. जागा अरुंद, दगड हाताशी. खालच्या घरचे आजोबा, ज्यांनी उभ्या जन्मात पंचवीस-तीस बांध तरी घातले असतील, काठी टेकत बघायला आले आणि बघून हसलेच.

"हितं कोन बांध घालतो काय? कातळाला भोकां हायत. पानी ऱ्हायचां नाय."

आईनं पदर खोचला आणि दगड उचलला. दुसरीकडे घालायचं तिच्यात बळ नव्हतं, पण हे ती आजोबांना कशाला सांगेल?

रोज सकाळी पेज पिऊन आम्ही वहाळात उतरायचो. पाणी असं गार की पहिल्यांदा पाय टाकताना ओरडच निघायची. दादा पहारीनं दगड हलवायचा, आई तो पोटाशी धरून न्यायची, मी घमेल्यातून चिखल आणि पाटीतून पातेरा. दहा वाजता पाय घासून, ओले केस विंचरून शाळेत. माझ्या नखांतली माती शाळेच्या बाईंना रोज दिसायची. बारा-तेरा दिवसांत माझ्या छातीपर्यंत आलेला तो बांध उभा राहिला तेव्हा मी मागे सरून बघितलं आणि मला खरंच वाटेना की हे आपण केलं. आईच्या अंगात एवढी ताकद कुठून आली, तेही कळेना. घरात पाट सरकवायचा असला तरी ती आम्हाला हाक मारायची.

पाणी अडलं. संध्याकाळी गुडघाभर झालं. आम्ही त्यात कागदाची होडी सोडली. सकाळी येऊन बघतो तर पाऊलभर. होडी चिखलात आडवी पडलेली.

असं रोज. संध्याकाळी भरायचं, सकाळी उतरायचं. बांधाखालून तर पाणी जात नव्हतं, पुढचा वहाळ कोरडा ठणठणीत. मग जात कुठं होतं? एका रविवारी बांधात खेकड्यांची बिळं सापडली. दादानं चार खेकडे धरले, बिळं मातीनं बुजवली, रात्री रस्सा झाला, आणि सोमवारी सकाळी पुन्हा पाऊलभरच पाणी. आजोबा वाटेनं जाताना थांबले, बघितलं, या वेळी हसले नाहीत. तेच जास्त लागलं. दादानं घमेलं काठावर आपटलं आणि म्हणाला की आता मुंबईच, तिथल्या शाळेत इंग्रजी आठवीला कुठपर्यंत झालं असेल कोण जाणे. मला रडू कोसळलं. मला मुंबई बघायची होती, पण आईला गाय विकताना बघायचं नव्हतं. आई कडेच्या दगडांत पातेरा कोंबत राहिली. तिनं आमच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

बांधाच्या नादात चिंधीकडे आमचं दुर्लक्ष झालं होतं. चार दिवसांनी मी सहज वाकून बघितली. ती तिथंच होती. दुसऱ्या दिवशीही तिथंच. मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला तुझं माप चुकतं. त्यानं स्वतः बघितली आणि मग आईवर आळ घेतला, की तूच चिंधी सोडून वर बांधलीस. आईनं गायीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यानंतर तीन दिवसांनी चिंधी वीतभर वर आली होती.

वर! मार्गशीर्ष संपत आलेला, पावसाचा थेंब नाही, आणि बावीचं पाणी चढलेलं.

आईनं दादाच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला खाली उतरायला सांगितलं. आमची बाव कातळात खोदलेली, उतरायला भिंतीत पाय ठेवण्यापुरत्या खोबणी. दादा आठ-दहा खोबणी उतरला. आईनं दोनदा हाक मारली तेव्हा त्याचा आवाज आला, आणि तो त्याचा नेहमीचा आगाऊ आवाज नव्हता.

"आये, कातळ गळतोय."

मलाही उतरायचं होतं. मी हट्टच धरला आणि एरवी मला कठड्यापाशी फिरकू न देणाऱ्या आईनं चक्क माझ्या कमरेला दोर बांधला. चार खोबणी उतरल्यावर वरचं ऊन संपलं. वहाळाच्या अंगाची भिंत काळी ओली दिसत होती. मी तिला तळवा टेकला. जांभ्या दगडाच्या त्या असंख्य बारीक भोकांतून पाणी पाझरत होतं, घाम फुटावा तसं, आणि माझ्या बोटांमधून, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. खाली कुठं तरी ते थेंब थेंब पडल्याचा आवाज घुमत होता. आम्ही वरती अडवलेलं, हरवलं म्हणून ज्याच्यासाठी मी रडले होते ते सगळं पाणी पन्नास पावलं दगडाच्या पोटातून चालत आमच्या घरी आलं होतं. मी त्या भिंतीला गाल लावला. भीती म्हणावी तर भीती नव्हती, पण अंगावर काटा उभा होता आणि काही केल्या तिथून हलावंसं वाटेना. आजवर मी मोठमोठी देवळं पाहिली, पण हात असे आपोआप जोडले गेले ते त्या बावीतच, आणि तेही एक हात खोबणीत अडकलेला असताना.

आजोबा आले, खाली वाकले, कान लावून ऐकलं. मग आईला म्हणाले की जल्म गेला माझा, पण ह्या जाग्याचा असा उपेग हाय, ता माझ्या ध्यानात आला नाय. आई पहिल्यांदा लाजल्यासारखी हसली. जागा तिनं हुशारीनं निवडली होती असं आजही आमच्या वाडीत सांगतात. खरं तर ती नाइलाजानं निवडली होती, पण आम्ही कशाला बोलतोय.

पुढचा सगळा हिवाळा आम्ही त्या बांधाची नोकरी केली. सकाळी बिळं शोधायची, बुजवायची, खेकडा मिळाला तर खायचा, आणि शाळा. संक्रांतीला बावीत पाणी होतं. माघातही होतं. चिंधी उतरत गेली, पण अशी सावकाश की आम्हीच कंटाळून रोज बघायचं सोडलं. आईनं परसात लाल माठाचे दोन वाफे जास्तीचे केले. दादाचा हजेरीत एकही दिवस चुकला नाही आणि हे तो ज्याला त्याला सांगत सुटायचा.

शिमग्याला बाबा आले ते संध्याकाळच्या एसटीनं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी स्वतः पोहरा सोडला. आम्ही तिघं मागच्या दारात. पोहरा बुडाल्याचा आवाज आला. बाबांनी तो वर ओढला, ओंजळीनं पाणी प्यायले, तोंडावर मारलं, आणि टॉवेलनं तोंड पुसायला नको इतका वेळ लावला.

"पानी हाय," ते आईला म्हणाले. आई आत गेली.

आम्ही त्यांना ओढतच बांधावर नेलं. वहाळाची धार करंगळीएवढी उरली होती, तरी बांधामागे ओल होती, डबकं होतं. दोघंही एकदम बोलत होतो. खेकडे, आजोबा, कातळ, कोण किती दगड. बाबा सगळं बघत होते. दगडावर हात फिरवून विचारलं, हा एवढा मोठा कोणी उचलला? आईनं, असं आम्ही सांगितलं तेव्हा ते त्याच दगडावर बसले. दादाला एकाएकी आठवण झाली आणि त्यानं विचारलं की त्या सुतळीच्या मापाच्या कपड्यांचं काय झालं.

बाबा हसले. "कपडे कसले रे. खोलीत माळा घातलाय मी. फळ्या आणून, रविवार-रविवार बसून. तुमच्या मापाचा. दोघां पाय पसरून झोपाल एवढा."

"मग आता त्याच्यावर कोण झोपणार?" मी विचारलं. मी दहा वर्षांची होते आणि आम्ही जिंकलो होतो.

"ट्रंक ठेवीन," ते म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं होतं. ट्रंकेला झोपायला माळा!

पालखी आमच्या दारी येऊन गेली, शिमगा संपला. ज्या दिवशी बाबांची एसटी होती त्या सकाळी मला जाग आली तेव्हा त्यांचं अंथरूण रिकामं होतं. मी परसातून वहाळावर गेले. बाबा लेंगा गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उभे होते आणि बांधावर दगडांचा आणखी एक थर चढवत होते. पाऊस लागला की तो बांध वाहून जाणार हे त्यांना ठाऊक होतं. फार तर अडीच महिने टिकणारं काम. तरी एकेक दगड फिरवून, बसतो का बघून, नाही बसला तर काढून पुन्हा लावत होते, कारखान्यात लावत असतील तसं.

"पातेरा आण गो," मला बघून ते म्हणाले. मी पाटी भरून आणली. एका कोपऱ्यात मोठी फट राहिली होती. त्यात कोंबायला त्यांनी निरगुडीच्या काटक्या जमवल्या, पातेरा मध्ये घातला, आणि जुडी बांधायला काही मिळतंय का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मग खुंटीवरून उतरवावा तसा काठावरच्या फांदीवरचा सदरा घेतला आणि खिशातून सुतळी काढली. दोन गाठी तशाच होत्या. त्यांनी ती जुडीभोवती दोनदा गुंडाळून ओढली, जुडी फटीत दाबली आणि टाचेनं आत ठोकली.

मी बघत उभी होते. त्यांनी वर चिखल लिंपला, हात धुतले.

"जा," ते म्हणाले, "आईला सांग, चहा टाक म्हणावं."