काचेवरचा तळहात

आज सकाळी चामटोलीच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. गाडीची पुढची काच आतून धुरकट झाली. बटण दाबताच ती स्वच्छ झाली आणि मला एकदम आई आठवली.

बाबा आनंदनगरच्या कारखान्यातून रिटायर झाले, त्या हिवाळ्यात आम्ही तिघं आमच्या जुन्या फोर-व्हील जीपने स्पितीला गेलो होतो. तिथल्या काझा गावाच्या अलीकडे बाबांना उंचीचा त्रास सुरू झाला. ते मागच्या सीटवर आडवे झाले आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. हीटर बंद पडला होता. आमच्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठत होती आणि पुढचं काही दिसेना.

"थांबवू का?" मी घाबरून विचारलं.

"नको, परत चालू होणार नाही," बाबा मागून पुटपुटले.

आईने हातमोजा काढला आणि माझ्या बाजूला झुकून उघडा तळहात काचेवर दाबून धरला. बर्फ वितळून पुरीएवढी जागा मोकळी झाली.

"तू रस्ता बघ. काचेचं मी बघते."

एक हात बधिर झाला की ती दुसरा लावायची. तेवढ्या जागेतून बघत मी दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावल्यावर बाबा हळूहळू बोलायला लागले.

त्या बर्फात मी जीप कशी काढली, हे मी पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. आज मात्र मला दवाखान्याबाहेरचा चहा आठवतोय. आईची बोटं मिटत नव्हती, म्हणून मी ग्लास तिच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "काय मस्त चालवलीस गं!"