साळूचं जाकीट

साळू बॅगा दुरुस्त करते. चेन बदलायची, पट्टा शिवायचा, चाक बसवायचं. अवघड बॅग आली की मालक मुकाट्याने तिच्याच पुढ्यात सरकवतो. साळूच्या डोक्याची एक बाजू तासलेली, दुसरी हिरवीगार. साळू, म्हणजे साळिंदर, हे नाव आईने ठेवलं, काळं जाकीट पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी. जाकिटावर एकशे बारा टोकदार खिळे. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून तिने एकेक लावलेले.

त्या संध्याकाळी सात वाजता मैत्रिणींच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. ड्रमवर साळू. जाकिटाशिवाय स्टेजवर जायचं तर न गेलेलं बरं, असं तिचं ठाम मत.

चार वाजता पोलिसांनी तिला बसथांब्यावरून उचललं. कुणीतरी फोन केला होता, एक मुलगी संशयास्पद उभी आहे म्हणून. बसची वाट बघत होते, असं ती सांगत राहिली. हिरव्या केसांचं माणूस बसने जातं, हे कुणाला पटेना.

ठाण्याच्या बाकावर हरवलेल्या मोबाइलची तक्रार घेऊन एक मावशी बसल्या होत्या. साळू शेजारी टेकली तशी त्यांनी पर्स दुसऱ्या काखेत घेतली.

झडतीत पेचकस आणि डबा निघाला. डब्यात पोळी. शेवटी फौजदारांनी जाकीटच धारदार शस्त्र ठरवलं. जप्तीचा माल कापडात शिवून वर लाखेची मोहोर लावायचा नियम. हवालदार सुई घेऊन बसले. खिळे कापडातून बाहेर आले. दुसरं कापड घेतलं, त्याचीही चाळण झाली. तिसऱ्या वेळी हवालदारांच्या बोटात सुई घुसली. भोकं पडलेल्या गाठोड्यावर मोहोर चालणार नाही, म्हणून फौजदार वैतागले.

साळूला चुकीचं काम बघवत नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, आधी खिळे काढा ना. आतून स्क्रू आहेत."

मग तिने जीभ चावली. पण हवालदारांनी पेचकस केव्हाच उचलला होता. थोड्या वेळाने मावशीही पुढे सरकल्या. माझी नखं बरी आहेत, म्हणाल्या. एकशे बारा खिळे चहाच्या बशीत जमले. टेबलावर उरलं एक विटकं जाकीट.

हवालदारांनी पेन उघडलं. "साहेब, शस्त्र म्हणून काय लिहू? जाकीट की बशी?"

फौजदारांनी एक खिळा तळहातावर दाबून पाहिला. मग गालावर. ओरखडाही उठला नाही. मावशींना खुदकन हसू फुटलं, साळूला हसू आवरताना उचकी लागली, आणि फौजदारांनी कागद टराटरा फाडला. "ने बाई."

साडेपाच वाजले होते. भोकं तयार असली तरी एकटीने बसवायचे तर दोन तास. मघाशी हसणाऱ्या साळूचे डोळे आत्ता भरून आले. फौजदारांनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि आणखी तीन पेचकस मागवले.

सहा वाजून पाच मिनिटांनी ती बसमध्ये होती. सातला ड्रमवर. डावा खांदा हवालदारांच्या वाट्याला आला होता. सरळ ओळ मेली दिसते, असं म्हणत त्यांनी खिळे नागमोडी बसवले होते. पहिल्या रांगेत मावशी, मांडीवर पर्स, कानांत बोटं, मान मात्र ठेक्यावर.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकाची नजर जाकिटाच्या खांद्यावर गेली. ओळ वाकडी झालीय, सरळ कर, म्हणाला.

"ती हवालदारकाकांची आहे," साळू म्हणाली. "तिला हात लावायचा नाही."