कारण लिहा

अनंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरोसच्या कचेरीत होतो. मालवणला पोहोचेपर्यंत आमच्या संकेतस्थळावर पहिली श्रद्धांजली झळकलीसुद्धा होती. लिहिणाऱ्याचं टोपणनाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. महिना उलटला, ते अजून ठिकाणावर नाही.

अनंत माझा चुलतभाऊ. बंदराजवळ संगणकाचा क्लास चालवायचा. मुंबईत, आखातात पांगलेल्या मालवणकरांसाठी त्यानं गप्पांचं संकेतस्थळ काढलं. तिथे कोण काय लिहितं यावर लक्ष ठेवायला आम्ही तिघं: तो, मी आणि मस्कतची शुभांगी. सुरुवातीला नुसता घोळ. मी शिवीगाळ काढायचो, शुभांगी तीच परत लावायची, मग फोनवर भांडणं. म्हणून अनंतनं आम्हा तिघांपुरती बोलायची वेगळी जागा तयार केली. मध्येच वीज गेली की केलेलं काम जायचं, तो पुन्हा बसायचा. नाव ठेवलं 'सोपो', म्हणजे घरची ओसरी. कुणाचा मजकूर काढायचा तर आधी सोप्यावर मांडायचा, 'कारण लिहा' या चौकोनात कारण द्यायचं, दुसऱ्यानं होकार दिला तरच तो जायचा. एकदा मी लिहिलं, 'माणूस नालायक.' अनंत हसला. "दादा, माणूस वायट ह्या कारण नाय. खयचा वाक्य चुकीचा, ता लिव." तेव्हापासून कुठलं वाक्य चुकीचं, तेच मी लिहू लागलो.

पुढे ट्रॉलरवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर यांचा वाद पेटला. त्यात श्रद्धांजलीखालच्या याच टोपणनावानं लिहिलं, अनंत ट्रॉलरवाल्यांचे पैसे खातो. धडधडीत खोटं. संकेतस्थळाचा हिशेब मी ठेवायचो, सगळा खर्च अनंतच्या खिशातून जायचा. मी तत्काळ ते सोप्यावर मांडलं. शुभांगी प्रवासात होती. होकार द्यायला उरला अनंत.

"माझ्याबद्दल लिवल्यान हा. मी हात लावचंय नाय. शुभांगीक येवंदे."

"अब्रू जाता हा तुझी, नि माका नियम सांगतंस?"



शुभांगी दोन दिवसांनी सोप्यावर आली, मजकूर गेला. तोवर बंदरभर झाला होता. रापणकरांची पोरं क्लासला यायची बंद झाली. अनंत रिकाम्या खुर्च्या पुसत राहिला. लिहिणाऱ्यानं माफी तर सोडाच, साधी चौकशी केली नाही.

आणि आता तोच लिहितो: 'निःस्पृह माणूस. रापणकरांच्या मुलांना त्यानं संगणक शिकवला. ट्रॉलरवाल्यांचा एक पैसा घेतला नाही.' हे तेव्हा लिहायला काय धाड भरली होती?

शुभांगी म्हणते, तू काढायला मांड, मी लगेच होकार देते. मी रोज सोपो उघडतो. अनंतचं नाव अजून आमच्या दोघांच्या वर आहे. चौकोन समोर येतो. खयचा वाक्य चुकीचा? हिशेब तपासावा तशी मी ती श्रद्धांजली ओळीओळीनं तपासतो. चूक एकही सापडत नाही. चौकोन रिकामा ठेवून उठतो.