नांदेडच्या स्टँडवर ऐकलेलं गाणं

हदगावहून नांदेडला मी निघालो होतो तो चष्म्याचा नंबर तपासायला. संध्याकाळी जेवायला घरीच आहे, असं बायकोला सांगितलं होतं. लातूर डोक्यातही नव्हतं.

नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत एक नवी नवरी खिडकीशी बसली होती. खाली तिची आई खिडकीचा गज धरून उभी होती आणि अगदी हलक्या आवाजात गात होती, ‘दहलीज पो दिया धरना अम्मा, मेरी बाट अंधेरी हाय.’ (उंबऱ्यावर दिवा ठेव गं आई, माझी वाट अंधारी आहे.)

हे गाणं मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. गाडी सुटेपर्यंत मी नुसता उभा राहिलो. मग चष्मा राहिला बाजूला, धावत जाऊन त्याच गाडीत चढलो.

दहावीला बरे मार्क पडले म्हणून वडिलांनी मला लातूरला अकरावीत घातलं होतं. भूकंपाला दोन वर्षं झाली होती. लातुरात क्लासेस नुकते वाढू लागले होते आणि गावोगावची मुलं मिळेल त्या खोलीत राहत होती. मला जागा मिळाली जुलेखाचाचीच्या घरात. ती विधवा होती, गाद्या-रजया शिवायची. तिची एकुलती एक मुलगी औशाकडच्या एका खेड्यात दिली होती; ती भूकंपात गेली. चाची दुपारी रजईला टाके घालताना हेच गाणं म्हणायची. मी पंधरा वर्षांचा. मला माझी आई आठवायची, आणि रडलेलं दिसू नये म्हणून मी पुस्तक तोंडावर धरायचो.

चार महिने काढले. एके दिवशी सकाळी क्लासला जातो म्हणून निघालो आणि सरळ स्टँडवर जाऊन घरची गाडी धरली. चाचीला सांगितलं नाही. वडील आठवडाभर बोलले नाहीत, मग गावातल्याच कॉलेजात नाव घातलं. पुढे मी शिक्षक झालो. चाचीला एक पत्रही लिहिलं नाही. आधी लाज वाटली, नंतर फार उशीर झाला असं वाटत राहिलं.

लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना काळी रानं आणि पिवळ्या फुलावर आलेली तूर. अहमदपूरला सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ला. चाकूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे बाभळीच्या सावलीला उतरलो. शेजारी रेणापूरचे एक शेतकरी होते. मुलगी लातूरला हॉस्टेलात होती, तिला भेटून मग गावी जाणार होते.

“लई अभ्यास करायलीय,” ते म्हणाले. “फोनवर काही सांगत न्हाई. डोळ्यानं बघितलं की बरं वाटतंय.”

लातुरात चाचीची गल्ली ओळखू येईना. घरांच्या जागी तीन-तीन मजली हॉस्टेलं, भिंतीभर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो. एका गादीच्या दुकानात विचारलं.

“जुलेखाचाची? हाव, हाय की. मागल्या अंगाला जावा.”

ती दारात बाजेवर बसली होती. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर जाड भिंगं. मी पाया पडलो, नाव सांगितलं. म्हटलं, “चाची, मी न सांगता गेलो. चुकलं माझं.”

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, जवळून पाहिला. “दिगू. मोटा हो गया रे.”

मग चहा ठेवायला पुतणसुनेला हाक मारली आणि आपल्याच नादात सांगू लागली.

“तू गेला तवा दोन दिवस विहिरी बघितल्या मी. रेल्वेच्या पटरीवर गेले. मग स्टँडवरचा एक हमाल बोलला, पोरगा नांदेडच्या गाडीत बसला. मी बोलले, न्हाई, मला बघायला पाहिजे.”

“म्हणजे?”

“आले की तुझ्या गावाला. हदगावला.”

ती सांगत राहिली. नांदेडला गाडी बदलून, विचारत विचारत ती आमच्या घरापर्यंत आली होती.

“तू हातपंपावर दात घासत होता. आई तुझी बाजूला घागर भरत होती. जिता दिसला. रस्त्यावरूनच परत फिरले.”

“हाक का नाही मारलीस?”

“हाक मारती तर तुला शरम वाटली असती. बाप मारता वरून.”

“पण हमालानं सांगितलं होतं ना...”

चाचीनं मान हलवली. “मेरी बेटी की भी खबर आई थी. लोक बोलले, बची हाय, दवाखान्यात हाय. मी तिला डबा घेऊन गेले होते.”

सून चहाचे कप ठेवून आत गेली.

त्या दिवशी तिनं मला निघू दिलं नाही; मी बायकोला फोन करून तसं कळवलं. अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली. सकाळी तिला नमस्कार करून मी गाडीत बसलो.

माझी लातूरहून पळून आल्याची हकिगत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. तीत एक घाबरट पोरगा असतो, एक कडक बाप असतो, आणि शेवटी मुलं हसतात. वाटेत कळत होतं, आता ती तशी सांगता येणार नाही.

दुपारी हदगावला उतरलो. घरी आत न जाता आधी हातपंपाच्या जागी गेलो. पंप केव्हाच काढलाय, नुसता सिमेंटचा ओटा उरलाय. तिथं उभं राहून मी रस्त्याकडे पाहिलं. मधे काहीच आड येत नाही. मी तेव्हा मान वर केली असती, तर ती मला दिसली असती.