कॅमेरा मफी

अँब्रोज अंकल दिवसभर काळोखात बसतात, ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. घरात सगळे झोपलेत आणि मी विचार करत बसलेय, की साठीच्या माणसाला ऊनच लागलं नाही तर त्याच्या हाडांचं काय होणार? तेही बहारीनमध्ये, जिथे ऊन फुकट आणि नको तितकं मिळतं!

अंकल आमच्या वसईकडचे. इथे मनामाच्या हूरा भागात एका खोलीत एकटे राहतात. उभी हयात हॉटेलांच्या दारात पाहुण्यांच्या बॅगा उचलण्यात गेली. पण त्यांची खरी कला वेगळीच, नाही म्हणण्याची. इथल्या बोलीत नाही म्हणजे 'मफी'. हॉटेल भरलं की मॅनेजर अंकलना पुढे करायचा. अंकल छातीवर हात ठेवून, मान जराशी झुकवून 'रूम मफी' असं काही म्हणायचे, की भांडायला आलेला पाहुणा उलट त्यांनाच थँक यू म्हणून जायचा.

हॉटेलची नोकरी सुटल्यावर हमीद नावाच्या इथल्या दुकानदाराने त्यांना मनामाच्या जुन्या बाजारातल्या आपल्या दुकानात कामाला ठेवून घेतलं. हमीदचे आजोबा फोटोग्राफर होते. त्यांनी दुकानाच्या गच्चीवर एक काळोखी खोली बांधली, ती लोकांना दाखवायचं काम आता अंकलकडे. छपरात भिंग, त्याच्यावर फिरता आरसा आणि खाली पांढरं गोल टेबल. दार लावलं की बाहेरचा अख्खा बाजार त्या टेबलावर उतरतो, रंगीत आणि चालताफिरता. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. खाली दारावर आजोबांच्या काळातली भलीमोठी पाटी आहे : कॅमेरा.

पण बघायला कोणी येईना. शेवटी हमीद म्हणाला, "शनिवारी दुपारी येतो. गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर खलास." खलास म्हणजे अंकलचा व्हिसाही खलास आणि रवानगी वसईला, बहिणीकडे. या बहीण, मार्सेलिना आंटी, पहाटे चारला अख्खं घर उठवून रोझरी म्हणायला लावतात. कोणी पेंगलं तर पुन्हा पहिल्यापासून!

"बाय, मी देवाला मानतो," अंकल मला म्हणाले, "पण चार वाजता देव तरी उठलेला असतो काय?"

म्हणून आज, शुक्रवारी, मी लेकीला, फियोनाला, घेऊन गेले. तेवढीच दोन माणसं वाढतील. सोबत उकडलेली अंडी नेली, हाडांसाठी. लॉईडला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसात तातडीची मीटिंग होती.

अंकलनी हॉटेलातल्यासारखं 'वेलकम मॅडम' केलं आणि दार लावलं. टेबलावर बाजार उजळला. मी नेमकी चुकीच्या बाजूला उभी राहिले, त्यामुळे मला सगळे डोक्यावर चालताना दिसले. अंकलनी हाताला धरून मला फिरवलं.

"आता बघ. हा मसालेवाला वली. ही टॅक्सी." त्यांनी टेबलावर कागदाचा कपटा धरला, टॅक्सी त्यावर चढली, आणि त्यांनी ती अलगद उचलली. "सामान ठेवू काय गाडीत, मॅडम?"

फियोना खिदळत होती. तिने आरशाचा दांडा फिरवला, टेबलावर हलव्याचं दुकान आलं, आणि ती ओरडली, "Mumma, that's Dada!"

लॉईड! बोटाएवढा लॉईड, चमच्याने हलवा खात होता. शुगर असलेला माणूस! मीटिंग म्हणे! मी टेबलावर हात आपटला. तो नेमका त्याच्या डोक्यावर पडला, पण त्याने शांतपणे दुसरा घास घेतला.

तेवढ्यात खाली घंटा वाजली. "कस्टमर!" म्हणत अंकल धावले. फियोनाने आरसा दाराकडे वळवला. टेबलावर इवलेसे अंकल बाहेर आले. समोर चौघांचं कुटुंब उभं होतं. अंकलनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली, काहीतरी बोलले. कुटुंबाने पाटीकडे पाहिलं, अंकलकडे पाहिलं, हसून हात हलवला आणि निघून गेलं. मग दोन गोरी माणसं आली. पुन्हा छातीवर हात, पुन्हा मान. तीही गेली.

अंकल धापा टाकत वर आले. "बघितलंस? येतात आणि जातात. लोकांना आवडच राहिली नाही."

"What do you tell them, uncle?" फियोनाने विचारलं.

"काय सांगणार? नियम सांगतो. आत फोनचा उजेड नको, फोटो काढायचे नाहीत. अदबीने म्हणतो, कॅमेरा मफी."

मी मान डोलावली. खरं सांगते, माझं लक्ष हलव्याकडे होतं.

रात्री जेवताना मी लॉईडला कारल्याची भाजी दुसऱ्यांदा वाढली, तेव्हा फियोना एकदम ताटावर वाकून हसायला लागली. ठसका लागला, म्हणून मी घाबरून तिच्या पाठीत धपाटे घातले. श्वास मिळाल्यावर ती म्हणाली, "Mumma! The board says camera. And he stands under it and says camera mafi!"

कॅमेरा नाही. तेही इतक्या अदबीने सांगितलेलं, की कोणी पुढे विचारतच नाही. बिचारे अंकल स्वतःच्याच हाताने रोज थोडे थोडे मार्सेलिना आंटीकडे चाललेत!

"सकाळी सांग," लॉईड कारलं गिळत म्हणाला. पण सकाळी कसं सांगणार? मी उठायच्या आत अंकल काळोखाच्या खोलीत शिरलेले असतात आणि शिरले की फोन बंद करतात, उजेड नको म्हणून. नियम म्हणजे नियम. आणि दुपारी तर हमीद येणार. बदलायचा तर एकच शब्द आहे. 'फोटो मफी' म्हणा, अंकल, बाकी छातीवरचा हात तसाच राहू द्या.

घड्याळाकडे बघवत नाही. इतक्या अपरात्री भारतीय माणसाच्या घरी फोन वाजला की त्याला एकच वाटतं. अंकलना धक्का बसला तर? बीपी वाढलं तर? अंधारात फोन शोधताना पडले, आणि ती हाडं...

नाही. लावतेच. उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य हेच म्हणायचं : "अंकल, कोणी मेलेलं नाही."