कडीचा रुपया

माझ्या नाण्यांच्या वहीतला एक खण बरीच वर्षं रिकामा होता. बाकी सगळ्या खणांत चांदीचे जुने रुपये, आणि मधोमध हे भगदाड. तिथं ज्या सालचा रुपया हवा, त्या सालचे कमी निघाले होते, म्हणून महाग. तसा एक गोंदियाच्या नाणेवाल्याकडे काचेखाली पडलेला असायचा. दर वर्षी मळणी आटोपली की मी केशोरीहून बस धरून त्याला बघायला जायचो.

आम्ही धान पिकवणारी माणसं, महागाईसुद्धा कट्ट्यानं, म्हणजे पोत्यानं मोजतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या रुपयाची किंमत चार कट्टे धानाइतकी होती. चारांचे पैसे बाजूला काढले तर भाव पाचांवर गेला. पाचांचे घेऊन गेलो तर साडेपाच! चिडायचो, पण पुढल्या वर्षी पुन्हा जायचोच.

यंदा चांदी अशी भडकली की मी आशा सोडूनच गेलो होतो. नाणेवाल्यानं मात्र मागच्याच वर्षीचा भाव सांगितला. मला राहवेना. "चाँदी इतनी बढ़ी, ये काहे नहीं बढ़ा?"

"भैया, शौक वाले घर बैठ गए," तो म्हणाला. "तेल, दाल, बच्चों की फीस से बचेगा तब सिक्का लेंगे ना! आजकल सब बेचने आते हैं."

शेजारीच झिजलेल्या रुपयांचा ढीग होता. ज्यांच्याकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते वजनावर विकले जात होते. पूर्वी एका कट्ट्यात येणारा रुपया आता अडीच कट्ट्यांवर गेला होता. मानाचा जागच्या जागी आणि झिजलेल्याचा भाव वर, ही काय गंमत? असे दोन आणले तर काचेखालचा एक द्यायला तो तयार होता. कडी लावलेले असले तरी चालतील म्हणाला. "गलाना ही तो है."

कडी जोडलेलं नाणं आम्हा संग्राहकांच्या लेखी बाद. बायकोकडे माहेरची अशाच रुपयांची माळ आहे, आणि मी आजवर तिला 'बिघडलेला माल' म्हणत आलो. आता बसमध्ये ती माळ डोळ्यांसमोरून हलेना.

घरी येऊन सगळं सांगितलं. मजुरी आणि डिझेलनं यंदा हातात काही उरलं नाही, हेही सांगितलं. तिनं माळ काढून मांडीवर घेतली.

"तुमच्या त्या रुपयावर काय लिहून हाय?"

"एक रुपया."

"अन् माह्या?"

"एक रुपया."

"मंग एकाले दोन काऊन देऊ?"

मी साल सांगितलं, टंचाई सांगितली, चांदीचा भाव सांगितला. ती मान डोलवत राहिली. बोलता बोलता मलाच माझं पटेनासं झालं.

शेवटी तिनं दोरा सोडून एक रुपया माझ्या हातावर ठेवला. "एकाले एक देत असन तं आणजा. नाही तं तुमच्या वहीत ठेवजा. माह्या आईनं गळ्यात घातला होता, तो गलवणार असन तं देऊ नोका."

मी गोंदियाला गेलो नाही. रुपया रिकाम्या खणात सरकवला. साल भलतंच आहे, आणि कडीमुळे खणाचं तोंड बंद होत नाही. खोटं कशाला बोलू, काचेखालच्या रुपयाचा भाव पुढल्या मळणीनंतर मी विचारणारच. याचा मात्र अजून कुणाला विचारलेला नाही.