'आम्ही' खोडल्यावर

झेरॉक्सच्या दुकानातला गरम कागदाचा वास आला की राजुऱ्यातली ती दुपार आठवते आणि अजून चिडचिड होते. आंदोलनांची पत्रकं वाचतच मी वाढले; कोळसा खाणीत गेलेल्या शेतांवर, झेरॉक्स काढून वाटायला, तसंच एक पत्रक लिहिलं होतं. सुरुवात होती, 'आम्ही उजाड झालो.' शेत गेलेल्या शेजारच्या काकूंना ते वाचून दाखवलं. भेंडी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "पोरी, तुमचं काय गेलं व?" मी वैतागले. "काकू, पत्रकात असंच लिहितात." "मंग मले काऊन वाचून दाखवून राह्यली?" घरी येऊन रागारागाने 'आम्ही' खोडलं, 'मी' लिहिलं. वाक्य पुढे सरकेना. तीन कागद फाडल्यावर ते पूर्ण झालं: 'मी बाबांच्या त्याच खाणीतल्या पगारावर शिकले.' आजही लिहिताना 'आम्ही' आलं की हात थांबतो, आणि काकूंचा राग येतो.